करणची जर्सी

चाकण, रविवार

प्रिय मच्छिंद्रदादा, धाकट्या गोरक्षचा लांबूनच पाया पडून नमस्कार.

मी बरा आहे. मेसचं जेवण आता सोसतं. कबड्डीचा विषय काढला की फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय.

परवा तू करणला बाहेर बसवलंस आणि आपण दोन गुणांनी हरलो. खोलीतला मंठ्याचा बबलू चिडवतो, “तुमचा मॅनेजर करून काय राह्यला रे?”

करण हसनाबादच्या संघात चालला, ही बातमी मीच तुला दिली होती. आता कळलं, तो तिथं मुलगी बघायला गेल्ता. पोहे खाताना कुणीतरी पाहिलं आणि लोकांनी त्याचा संघच बदलून टाकला.

चूक माझी. राग त्याच्यावर काढू नकोस. असंच बसवलंस तर तो खरंच जाईल. मंग जत्रेच्या फायनलला चढाई कोण करणार, तू? गुडघा कसा आहे?

सामना झाला की सगळे आपली जर्सी आईकडं धुवायला टाकतात. करणनं टाकली का, ते आईला विचार आणि जल्दी कळव. न खेळताही टाकली असेल, तर तो अजून आपलाच आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
गोरक्ष