आईच्या पर्सचा खटका

प्रिय धाकटे,

अक्षरावरून ओळखलंच असशील. कोंबडीचे पाय म्हणायचीस. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड. चार वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस, आणि मीही कमी नाही, मीही बोलले नाही. शाळेत मी कधी टिकले नाही, तेव्हा पत्रात आधी काय लिहायचं ते मला कळत नाही. दुकानाचं सांगते, ते सोपं आहे.

दुकान बरं चाललंय. लोकांना सध्या चामड्याच्या जुन्या पर्सचं वेड लागलंय. आजीच्या, सासूच्या पर्स माळ्यावरून काढतात आणि माझ्यासमोर आणून आपटतात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेल्या, बुरशी आलेल्या. मी सांगते, बाई गं, चामड्याला वारा लागतो. सुती कापडात ठेव, आत कोरे कागद भर, म्हणजे आकार बिघडणार नाही. मान हलवतात आणि घरी जाऊन पुन्हा तेच करतात. परवा एकीने तर पर्सला स्वयंपाकाचं तेल चोळून आणलं. मी म्हटलं, आता तळूनच खा. फणकारली, पण पर्स ठेवून गेली. तुझे भावोजी म्हणतात, तुझ्या तोंडापायी एक दिवस दुकानाला कुलूप लागेल.

माझं तोंड तुला नवीन नाही. आई गेल्यावर तिची पर्स तुझ्याकडे गेली, ते मला खुपलं होतं, आज सांगून टाकते. हँडलची शिवण उसवली म्हणून तू ती माझ्याकडे दिलीस. शिवण तेवढी घाल म्हणालीस. मी कुठली ऐकतेय! तीन दिवस मान मोडून बसले. जुना रंग उतरवला, नवा चढवला, अस्तर बदललं, हँडल काढून नवं लावलं. वाटलं, बघतच राहशील. तू पर्स हातात घेतलीस, उघडलीस, नाकाशी नेलीस आणि म्हणालीस, ही आईची नाही. जुन्या हँडलवर आईच्या मुठीने काळी पडलेली जागा होती, कितीतरी वर्षांची. ती मी हँडलसकट कचऱ्यात टाकली होती. निदान तेव्हा तरी गप्प बसावं ना? मी म्हटलं, फुकटात नवी करून दिली, वर हिचे नखरे! तू उठलीस आणि गेलीस.

तुझा राग मला कळला नव्हता, खरंच नव्हता. डाग म्हणजे घाण आणि घाण काढणं माझं काम, एवढंच मला ठाऊक. मग गेल्या वर्षी एक म्हाताऱ्या बाई आल्या, शाळेत शिकवायच्या. पर्सच्या अस्तरावर तळहाताएवढा शाईचा डाग. मी ब्रश उचलला, तर त्यांनी डागावर बोट ठेवलं. म्हणाल्या, एवढं राहू दे. यांचं पेन फुटलं होतं आत, किती भांडले होते मी तेव्हा. मी दोरा शोधायच्या निमित्ताने मागच्या खोलीत गेले. दोरा माझ्या हातातच होता. तेव्हापासून येईल तिला विचारते, काय काढायचं नाही ते आधी बोल. आधी वेडी समजून बघतात. मग थांबतात, पर्स उलटीसुलटी करतात आणि हळूच सांगतात. प्रत्येकीचं काहीतरी निघतंच.

आता तुझ्या लेकीवर ओरडू नकोस. तू तिला आईच्या पर्सचा तुटलेला खटका बसवून आणायला पाठवलंस, आणि मावशीचं दुकान सोडून कुठेही जा असं बजावलंस. ती सरळ माझ्याकडे आली. म्हणते, मावशी, बाकीच्यांना काही येत नाही. शहाणी आहे पोरगी, आपल्या दोघींवर गेली नाही. मला वाटलं होतं, ती पर्स तू कपाटाच्या तळाशी कोंबली असशील. पण बघते तर कोपरे घासलेले, आत तुझ्या पावडरीचा वास, आणि मी लावलेलं हँडल मधोमध काळं पडायला लागलंय. आईची मूठ रुंद होती. ही बारकी, चार बोटांची, तुझी. म्हणजे रोज वापरतेस तू. किती वेळ नुसती मांडीवर घेऊन बसले होते.

खटका बसवलाय. बाकी कशाला हात लावला नाही. हात शिवशिवत होते, पण हँडलवरून कोरडं फडकंसुद्धा फिरवलं नाही. मात्र पर्स मी पोरीकडे देणार नाही, तिला तसं स्पष्ट सांगून रिकाम्या हाताने परत पाठवलंय. चुकले मी, ताई असून चुकले. हे लिहून झालं, पण तुझ्या तोंडावर म्हणायचं राहिलंय, आणि ते असं पत्रावर भागवायचं नाही मला. बुधवारी दुपारी दुकानात कोणी नसतं. पर्स न्यायला तू स्वतः ये. भांडायचं असेल तर भांड, मी मध्ये बोलणार नाही. बोललेच, तर दोन शब्द जास्त ऐकव, पण ये.

वाट बघायची अजिबात सवय नसलेली,
तुझीच,
थोरली