दादाचा धैवत

अमडापूर,
२ डिसेंबर २०२४

चि. गार्गीस आत्याचे आशीर्वाद. त्यांच्याआड दोनचार तक्रारीही आहेत, त्या ओघाने येतील.

इकडे सगळं ठीक. तुझी आई ठीक, तूर ठीक. माझा गुडघा ठीक नाही, पण तो आता घरातलाच माणूस झाला आहे. पत्र लिहिते आहे कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. दिग्दर्शकांना 'कट' म्हणायची सवय असते, हे मी समजू शकते. कागदावर तुला ती सोय नाही.

परवा बाजारात उकंडराव भेटले. "शरयूताई, गार्गीनं डाक्टरसायबाचा शिनेमा काढला म्हनतात, खरं काय?" म्हटलं, खरं आहे. आपला दादा, त्याची मोटरसायकल, गावोगावच्या म्हशी, सगळं आहे. "अन् तुमी काय करून राह्यल्या त्याच्यात?" मी म्हटलं, मागचं संगीत. "मांगचं काऊन? पुढचं कोनाले देलं?"

एवढी वर्षं हा धंदा करून मला याचं उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी म्हैस कोणाची घेतली आणि दूध किती देते हे विचारलं. तेही मला सांगता आलं नाही. सिनेमात तुझी आत्या नेमकं काय करते, याबद्दल आता गावात शंका आहे.

तुला आठवतं का, मागे एका सिनेमात नायकाच्या प्रवेशाला 'रक्त उसळेल असं संस्कृत' हवं होतं. अर्थ काहीही चालेल म्हणाले, आणि मी त्यांचा शब्द मनावर घेतला. चाळीस गायकांनी ढोलांवर गर्जना केली, "छिन्धि छिन्धि शाकम्! पच पच ओदनम्!" भाजी चीर, भात शिजव. थिएटरात शिट्ट्या पडल्या. तुझ्या आजोबांनी पहाटे उठवून धातू पाठ करून घेतले, एम.ए. करवलं, ते वाया गेलं असं कोण म्हणेल?

तुझ्या सिनेमात मात्र मी भाजी चिरलेली नाही. पाच रीलचं संगीत पाठवलं आहे. दादा जी चाल गुणगुणायचा तीच सगळीकडे फिरवली आहे, व्हायोलिनवर, बासरीवर, एका ठिकाणी नुसत्या सतारीच्या दोन तारांवर. स्वच्छ आणि शुद्ध. तुझे निर्माते खूश आहेत असं कळलं.

सहावं रील राहिलं आहे. त्याचं असं झालं की आठवडाभर वीज नव्हती. ती आली तेव्हा पलीकडच्या गल्लीत लग्न निघालं, आणि डीजे असा की आपल्या भिंतीवरचा गणपतीसुद्धा हलत होता. मग गुडघा. पाठवते लवकरच. घाई करू नकोस. शेवटचं रील शेवटीच करायचं असतं.

तुझी,
(कामचुकार नव्हे, कामात असलेली)
आत्या


अमडापूर,
१६ डिसेंबर २०२४

गार्गी,

या वेळी आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर.

पुण्यात तुम्ही ओळखीच्या लोकांना सिनेमा दाखवलात. शेवटी दादाचं काम करणाऱ्या शिवमने गुणगुणायला सुरुवात केली आणि मागच्या रांगांत हसू फुटलं. निर्माते म्हणाले, पोराचा सूर घसरतोय, सॉफ्टवेअरने सरळ करून घेऊ, चुटकीसरशी होईल. आणि तू हो म्हणालीस. "आत्या, लोक बाबांना हसतील," एवढं बोललीस. पुढे तुझा आवाज फुटला आणि रेंज गेली असं तू सांगितलंस. रेंज अमडापूरची जाते, बाळ. पुण्याची जात नाही.

शिवमचा सूर घसरलेला नाही. तू त्याला तुझ्या मोबाइलमधली दादाची ती गोठ्यातली क्लिप दिलीस, त्याने ती महिनाभर घोटली, आणि दादा जिथे जायचा तिथेच तो जातो. ज्याने आपलं काम चोख केलं त्यालाच तुम्ही दुरुस्त करायला निघालात.

ही चाल कुठली हे तुला अर्धंच माहीत आहे. ती माझी. मी आठवीत होते, आजोबांच्या पेटीवर बसवली होती, आयुष्यातली पहिली. दादा तेव्हा गुरांच्या डॉक्टरकीचं शिकत होता. त्याने ती ऐकून उचलली, आणि उचलताना धैवत पाडला. पेटीवर शुद्ध धैवत आणि कोमल धैवत अशा शेजारशेजारच्या दोन पट्ट्या असतात. दादाचा धैवत त्या दोन पट्ट्यांच्या फटीत राहायचा. बाकीचे सूर बऱ्यापैकी जागेवर, हा एक बिऱ्हाड बदलून गेलेला. मी ओरडायची. घरात आजोबांसमोर सगळे शुद्ध बोलत, तो मुद्दाम वऱ्हाडी झाडायचा.

"काऊन बोंबलून राह्यली? तुही पेटी चुकते."

"पेटी चुकत नसते, दादा."

"म्हशीले विचार. तिनं कधी नाव ठेवलं नाही."

खरंच ठेवलं नाही. अडलेल्या म्हशीच्या कानाशी बसून तो तेच गुणगुणायचा, हात कोपरापर्यंत आत, आणि म्हैस शांत उभी. जन्मभर तीच एक चाल, जन्मभर तोच धैवत.

संस्कृतात एक सोय आहे. मोठ्या ऋषीने व्याकरण मोडलं तर त्याला चूक म्हणत नाहीत, आर्ष प्रयोग म्हणतात, आणि टीकाकार खाली मान घालून पुढे जातात. तुझे बाबा ऋषी नव्हते, तंबाखू खायचे. पण पस्तीस वर्षं एकाच जागी एकच चूक करणाऱ्याला माझ्याकडून तरी ही सवलत आहे.

तुझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, "ताई, ते गायला लागले का मी मिक्सर लावायची." मी म्हटलं, मग करायचं का सरळ? तिने तांदूळ निवडायचे थांबवले नाहीत. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "सरळ नोका करू."

तेव्हा ऐक. तो सूर सरळ केलात तर सिनेमाच्या श्रेयपाटीवरून माझं नाव काढायचं. निर्मात्यांना सांग की बाई हट्टी आहे, म्हातारपणाकडे झुकली आहे, विदर्भातली आहे, जे पटेल ते सांग. मी मागे येणार नाही.

आणि शेवटच्या प्रसंगाचं म्हणशील, तर तो हातपाय धुऊन ओट्यावर बसतो, गुणगुणतो, आणि नंतर ओटा रिकामा दिसतो, असं तू सांगितलंस. त्याला काय संगीत द्यायचं ते मी बघते.

आशीर्वाद उरले आहेत. घे.

आत्या


अमडापूर,
९ जानेवारी २०२५

चि. गार्गीस,

माझ्या दोन पानांना तू एका ओळीत उत्तर दिलंस. "आत्या, सहावं रील तू पाहिलं आहेस ना?" संकलन तुला चांगलं जमतं.

नव्हतं पाहिलं. वीज, डीजे आणि गुडघा, तिघेही निर्दोष आहेत. फाइल उघडायची, शिवम अंगणात येऊन चप्पल काढताना दिसायचा, आणि मी बंद करायची. एका पायाने दुसऱ्याची टाच दाबून चप्पल काढायची ती लकबसुद्धा त्याने उचलली आहे. तू त्याला जरा कमी शिकवलं असतंस तर चाललं असतं.

रविवारी सकाळी मी वहिनींना शेजारी बसवलं आणि पहिल्या रीलपासून सलग सगळा सिनेमा लावला. म्हटलं, पळायचं तर दोघी पळू. चांगला केला आहेस. इतकंच लिहिते, जास्त लिहिलं तर फोनवर ऐकवशील. तुझी आई मोटरसायकलच्या प्रसंगात म्हणाली, "हॅण्डलले डबा लटकवला नाही." बाकी तिची काही तक्रार नाही.

मग सहावं रील आलं. शिवमने चप्पल काढली, हात धुतले, ओट्यावर बसला, गुणगुणायला लागला. आणि मला हसू आलं.

मला! धैवताशी आला आणि खुदकन आलं. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "काऊन हासून राह्यल्या, ताई?"

मी सिनेमा थांबवला. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. परत येऊन पुन्हा पहिल्या रीलपासून ऐकला, या वेळी डोळे मिटून. तेव्हा कळलं की तुझी मागची रांग का हसली. पाच रीलभर मी लोकांना ती चाल ऐकवली होती, शुद्ध धैवत लावून. व्हायोलिनवर शुद्ध, बासरीवर शुद्ध. त्यांच्या कानांना मीच पक्कं शिकवलं की चाल अशी आहे. मग शेवटी खुद्द चालीचा मालक आला, तर तो चुकल्यासारखा वाटला. शिवम बेसूर नव्हता. मी त्याच्या विरुद्ध आधी साक्ष देऊन ठेवली होती.

गंमत अशी की परक्यांच्या सिनेमांत मी दादाचाच धैवत वापरत आले. पहिल्याच सिनेमात एका एकट्या बाईच्या प्रसंगाला तो व्हायोलिनवर काढून घेतला होता. वादकाने तीनदा सुधारला, मी तीनदा बिघडवून घेतला. कुणीतरी छापलं की हा मातीचा स्वर आहे. दादाने सिनेमा पाहिला आणि बाहेर पडताना म्हणाला, "हे तं माहं हाय." म्हटलं, हो. "मंग माहं नाव कुठी हाय?" म्हटलं, जेवायला चल. तो हसला आणि जेवायला आला. या वेळी नाव लागेल. मूळ चाल भालचंद्र आणि शरयूची, असं पाटीवर घाल, त्याचं नाव आधी.

आता तू विचारशील की घरचा सिनेमा आला तेव्हाच मला शुद्ध धैवत का आठवला. मीही विचारलं स्वतःला. गेलेल्या माणसाला आपण इस्त्री करतो, गार्गी. फोटो निवडताना तंबाखूचा डाग नसलेला निवडतो. तू सूर सरळ करायला निघालीस आणि मी तुझ्यावर तलवार उपसली, पण ते काम मी तुझ्याआधी पाच रीलभर करून बसले होते. सॉफ्टवेअरशिवाय.

म्हणून सगळं नव्याने केलं. पहिल्या रीलपासून.

व्हायोलिनवाल्यांना पुन्हा बोलावून तीच मारामारी करायला वेळ नव्हता, आणि मला माझंच वाद्य हवं होतं. आजोबांची पेटी घेऊन खामगावला पेट्या दुरुस्त करणाऱ्या मोतीरामकडे गेले. सांगितलं, मधल्या सप्तकातला शुद्ध धैवत उतरवून द्या, कोमलपर्यंत नको, मध्येच. त्याने पेटी उघडून आतली पितळी पत्ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, इतके वर्षं सूर लावून राह्यलो. बिघडवाचं काम आजवर कोनी देलं नाही."

"आज मी देते."

"ही जुनी पेटी हाय. अशी पत्ती आता भेटत नाही. एकदा घासली का गेली." मी हो म्हटलं. "मंग मी नाही करत. मले पाप लागन."

मी पेटी घेऊन परत आले आणि दुपारी स्वतः केलं. पत्तीचं टोक घासलं तर सूर चढतो, बुडखा घासला तर उतरतो, एवढं मला माहीत होतं. वहिनींनी बॅटरी धरली. मी क्लिप लावायची, ऐकायची, कानस फिरवायची, पत्ती बसवायची, वाजवायची. तोपर्यंत त्या क्लिपला मी हात लावला नव्हता. त्या दुपारी किती वेळा लावली ते मोजलं नाही. रडू वगैरे आलं नाही, त्यासाठी हात मोकळा लागतो. संध्याकाळी चहाच्या वेळी पट्टी दाबली आणि तुझ्या आईने बॅटरी खाली ठेवली. मिक्सर लावला नाही.

आता त्या पेटीवर आरतीसुद्धा धड वाजणार नाही. असू दे. आरतीला शेजाऱ्यांची मागू.

मागच्या खोलीत गोधड्या टांगून सहाही रिलांचं संगीत ध्वनिमुद्रित केलं. बहुतेक ठिकाणी पेटी एकटीच आहे. चाल पहिल्यांदा येते ती म्हशीच्या प्रसंगात, आणि तिथेच तो धैवत आहे, लपवलेला नाही, ठामपणे दाबून. तिथे कुणी दचकलं तर दचकू दे. दुसऱ्या वेळी कमी दचकतील. तिसऱ्यांदा वाट पाहतील. ओट्यापाशी पोचेपर्यंत त्यांना तोच खरा वाटेल, आणि शिवम गुणगुणेल तेव्हा तो त्यांना ओळखीचा असेल. तिथे मी काहीही वाजवलेलं नाही. रिकाम्या ओट्यावरही नाही. शेवटी फक्त त्याचा आवाज.

फाइल्स काल पाठवल्या, एव्हाना ऐकल्या असशील. निर्माते म्हणतील की मंजूर झालेलं काम बाईंनी परस्पर बदललं. खरं आहे. पहिलं काम चुकलेलं होतं, ते मीच केलं होतं, आणि ते मी मागे घेतलं आहे. आता त्यांच्यापुढे एवढंच आहे, घ्या किंवा दुसरा माणूस बघा. दुसऱ्याला हा धैवत सापडणार नाही, हेही सांग.

लोक हसतील का, ते मला सांगता येत नाही. बाबांचं हसं होईल ही तुझी भीती मी खोटी म्हणत नाही. पण गोठ्यातही लोक त्याला हसायचे. तो हसणाऱ्याच्या हातात बादली द्यायचा. "हास बे, पन पानी गरम करून आन." आणि तो माणूस आणायचा. तुझ्या थिएटरातल्या मागच्या रांगेचंही आपण बघून घेऊ.

ध्वनीच्या मिक्सिंगला मी येते आहे, बोलावलंस तरी आणि न बोलावलंस तरी. तुझी आईही येते म्हणते. त्या सॉफ्टवेअरवाल्याच्या शेजारी मला एक खुर्ची ठेव, जवळ, त्याच्या हातापर्यंत माझा हात पोचेल अशी.

भालचंद्राची बहीण,
शरयू