क्रेनच्या शिडीवर नवा पाय

प्रिय ताई,

साडेसात अंगांनी नमस्कार. (साष्टांगाला आठ लागतात, माझं एक गुडघ्याखाली संपतं, तेवढी सवलत दे. साडेसाती मात्र संपली असं समज.) तुझी कंबर काय म्हणते? भावजींचा खोकला? इकडे आम्ही खुशाल, आणि मी तर जरा जास्तच.

गेल्या वर्षी गोदामात लोखंडी नळ्यांची मोळी सुटून माझ्या उजव्या पायावर आली आणि पाय कापावा लागला, तेव्हा तू उशाशी होतीस. ते पुन्हा उगाळत नाही. पुढचं ऐक. पहिले काही महिने नसलेल्या अंगठ्याला अशी खाज सुटायची की शेवटी हिने रिकाम्या चादरीवरच खाजवून दिलं. (खोटं वाटेल, पण बरं वाटलं.) मग व्यायामाच्या बाई आल्या. उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज क्रेनच्या भोंग्याच्या वरताण. दोन दांड्यांमध्ये उभं करून म्हणाल्या, "काका, पडायचं तेवढं पडा, उठायचं मात्र स्वतः." सतरा वेळा पडलो. नवा पाय आला तोही चावरा निघाला. फोड, मलम, पुन्हा माप, यात चार महिने गेले. एकदा भर बाजारात तो गर्रकन फिरला आणि बुटाचं तोंड मागे! भाजीवाली किंचाळली, मी मात्र तिच्याच पाटीशेजारी बसून तो सरळ केला आणि भेंडी घेऊन घरी आलो. बसमध्ये परवा एकाने त्यावर पाय दिला आणि माफी मागत सुटला. म्हटलं, "राहू द्या, उतरेपर्यंत ठेवा."

आता खरी बातमी. डॉक्टरांनी कामाचा दाखला दिला, तरी साहेब म्हणाले, "खाली टेबलावर बसा." एकवीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस मी, म्हटलं, "आधी चढून दाखवतो, मग बोला." छातीला सुरक्षेचा पट्टा बांधला आणि अठ्ठावीस पायऱ्यांची ती सरळसोट शिडी चढलो. खाली अख्खं गोदाम माना वर करून उभं. वर बसून पहिली मोळी उचलली ती अशी अलगद ठेवली, की झोपलेलं मूलही जागं झालं नसतं. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "उद्यापासून वरच बसा." ताई, छाती इतकी फुगली की पट्टा सैल करावा लागला!

तुझा,
क्रेनवाला भाऊ

ता. क. : उतरताना कोणता पाय आधी टाकायचा, तेच विसरलो. मधेच पंधरा मिनिटं लटकून होतो. खालून कोणीतरी व्यायामाच्या बाईंना फोन लावला. "खोटा आधी, काका!" हे सगळ्या गोदामाला ऐकू गेलं.

आणखी एक ता. क. : वर आईची चौकशी केली नाही, ती मुद्दाम. तिला मी टेबलावरचं काम घेतल्याचं सांगितलंय. ती सध्या तुझ्याकडे आहे, तेव्हा खरं काय ते तूच सांग. शिडी चढलो गं, पण हे माझ्याच्याने होणार नाही.