पाठीवरच्या दोन खुणा

३ जुलै

पुन्हा उशीर. पुन्हा वर्गाबाहेर. बाई म्हणाल्या, "आल्या महाराणी!" सगळे फिदीफिदी हसले. मीही हसले. रडण्यापेक्षा बरं.

खरं काय ते इथेच लिहिते. वही उलटून बोलत नाही. सकाळी मला उठताच येत नाही! कंबर लाकडासारखी. आधी कुशीवर वळायचं, मग कोपर टेकायचं, मग पलंगाची कड धरायची. टाचा जमिनीला लागल्या की जीव जातो. मोजे घालायला दहा मिनिटं. आणि दुपारी? ठणठणीत! म्हणून तर कोणाचा विश्वास बसत नाही.

५ जुलै

बाबा पुढच्या खोलीतून, म्हणजे त्यांच्या शिलाईच्या दुकानातून, ओरडले — "ऊठ गं आळशे! मी पाचला उठतो, तासभर येरझाऱ्या घालतो, मग मशीनवर बसतो. कधी कुरकुरलो?"

नाही कुरकुरले. यांचं रीळ खाली पडलं तरी हे कंबरेतून वाकणार नाहीत. गुडघ्यावर बसून उचलणार, राजेसाहेब! आळशी मात्र मी.

८ जुलै

संध्याकाळी फुटबॉलच्या सरावात दोन गोल अडवले! आत्या गच्चीतून बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, "शाळेच्या वेळी पाठ दुखते आणि खेळायला वाघीण! सोंगं पुरे."

काय सांगू हिला? पळालं की बरं वाटतं, पडून राहिलं की आखडतं. असं दुखणं असतं का कुठे? कधी कधी वाटतं, मीच खोटारडी आहे.

९ जुलै

उशी ओली. बस्स, एवढंच.

१४ जुलै

मैत्रीण आता सकाळी माझ्यासाठी थांबत नाही. "तुझ्यामुळे मलाही बोलणी बसतात." बरोबरच आहे तिचं. पण एकटीला तोच रस्ता केवढा लांब वाटतो!

२१ जुलै

शाळेची चिठ्ठी आली. आणखी एकदा उशीर झाला तर संघातून नाव कट. मी गोलकीपर! तेवढी एकच जागा आहे जिथे माझी वाट बघतात.

बाबा भडकले. "चल उद्या डॉक्टरकडे. त्यांच्याच तोंडून ऐक, तुला काही झालेलं नाही!"

२२ जुलै

डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, "सकाळी जास्त दुखतं? हालचाल केली की कमी होतं?"

मी 'हो' म्हणायच्या आधीच रडायला लागले.

मग त्यांनी कंबरेवर पेनने दोन खुणा केल्या, दहा सेंटीमीटर अंतरावर. "गुडघे न वाकवता खाली वाक." वाकलं की खुणा लांब जायला हव्यात, निदान पाच सेंटीमीटर. माझ्या दोनच सेंटीमीटर गेल्या. "मणक्याचा संधिवात वाटतोय. मुलांनाही होतो. रक्त तपासू, एमआरआय करू. आणि खेळ चालू ठेव."

म्हणजे आळस नव्हता! दुखणं खरं निघालं म्हणून कोणी खूश होतं का? मी झाले.

"घरात कोणाला पाठीचा त्रास?" त्यांनी बाबांना विचारलं.

"छे! कोणाला नाही."

२३ जुलै

बाबा 'चुकलो' म्हणणं तर सोडाच, दिवसभर माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. मशीनही बंद. माझं खरं ठरलं, तरी घरात मी एकटीच.

२४ जुलै

सकाळी बाबा पलंगापाशी आले. गळ्यातली टेप आणि खडू माझ्या हातात दिला, शर्ट वर केला आणि पाठमोरे उभे राहिले.

"डॉक्टरीणबाईंनी केलं तसं कर."

मी दोन खुणा केल्या. बाबा वाकले. हात कसेबसे गुडघ्यापर्यंत गेले. टेप पाहिली. दहाचे दहाच.

"कधीपासून, बाबा?"

"तुझ्याएवढा होतो." शर्ट खाली ओढत म्हणाले, "मला वाटायचं, सगळ्यांचीच सकाळ अशी असते."