स्वराची पक्की दाढ

सोम. ७ जुलै
लेकीची दाढ पुन्हा ठणकतेय. डावा गाल सुजला. दातांचे डॉक्टर राजापूरला, तालुक्याच्या दवाखान्यात, फक्त गुरुवारी. म्हणजे दातांनी वार बघून दुखायचं.

गुरु. १०
सकाळी रडणं थांबलं. काल हिरडीला मशेरी लावली होती, मी स्वतः लावते तीच. आज शेजारच्या वहिनींची लावणी. त्या आमच्या शेतात दोन दिवस राबल्या, मी कशी चुकवू? स्वराला बरं वाटतंय, तेव्हा राजापूर पुढच्या गुरुवारी. दिवसभर चिखलात, जीव मात्र तिच्यापाशी.

गुरु. १७
डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं. "मशेरी कोणी लावली?" "मीच." "दुखणं दबलं, कीड आत गेली. पक्की दाढ आहे ही, पडली की परत येणार नाही." रत्नागिरीला न्या, वाचेल म्हणाले. तीन-चार फेऱ्या. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

शुक्र. १८
ह्यांचा मुंबईहून फोन. "काडून टाक गो. आमचे दात कोणी बघितलान?" मी फोन ठेवला. शाळेत तपासणीवाले आले तेव्हा कार्डावर 'दात किडलेले' लिहून गेले होते. लिहायला काय जातं.

मंगळ. २२
पहिली एसटी, राजापूरला बदलून रत्नागिरी. पोचेस्तोवर अकरा. डॉक्टरबाई चांगल्या. दाढ साफ करून तात्पुरतं औषध भरलं. "पुढचा मंगळवार चुकवू नका. पू वाढला तर काढावीच लागेल." एवढंच ऐकलं स्वराने, काढावी लागेल. परतताना गावची शेवटची गाडी गेलेली. फाट्यापासून पावसात चालत, अर्धी वाट पोर पाठीवर. मुद्दाम मंगळवार चुकवतं का कोणी?

सोम. २८
पाऊस उघडत नाही. आज जेवली नाही, दुसऱ्या बाजूनेसुद्धा चावता येत नाही. उद्या कसंही करून...

मंगळ. २९
साडेपाचपासून दोघी थांब्यावर. सातला वाडीतले अण्णा पुलापर्यंत जाऊन आले. "गाडी नाय यायची आज. पुलावर पानी हाय." चालतही पलीकडे जाता येणार नाही. डॉक्टरबाईंचा मंगळवार चुकला.

स्वरा मात्र नाचायलाच लागली. "म्हंजे आज नाय काडणार. वाचली माजी दाढ."

इतकी खूश, की तिला काय सांगू. म्हटलं, चल घरी.