परतीचे बाण

४ जानेवारी

पोचलो एकदाचा. बोटीतून उतरताना माझी एक चप्पल पाण्यात पडली. नावाड्यानं ती वल्ह्याच्या टोकानं उचलून दिली आणि अजिबात हसला नाही, तेव्हाच तो मला आवडला. हा माझ्या घरमालकीणबाईंचा धाकटा दीर. घरामागच्या खोलीत राहतो, जेवतो वहिनीकडे.

माझी खोली झकास आहे. खाट, टेबल, कपड्यांना खुंट्या आणि खिडकीत समुद्र. पंखा कुरकुरतो, पण सरकारी पंख्याखाली उभा जन्म काढलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. इथली भाषा मी मोडकीतोडकी बोलतो. मालकीणबाई ती दुरुस्त न करता समजून घेतात, हे त्यांचे उपकार. मला भाऊ म्हणतात.

लेकीचा फोन आला. परक्या देशात एकटे राहताय, बाबा, निदान वाटा तरी नीट पाहून ठेवा म्हणाली. तिला म्हटलं, तुझ्या बापानं रस्ते खात्यात दिशाफलक लावण्यात हयात घालवली. अख्ख्या जिल्ह्याला मी डावी-उजवीकडे धाडलंय. मी काय वाट चुकणार?

११ जानेवारी

रोज एक किनारा पाहायचा असा नेम धरलाय. धक्क्याच्या दक्षिणेकडचे किनारे हातचे गेलेत. जिकडेतिकडे छत्र्या, खुर्च्या, कर्णे. एका ठिकाणी तर वाळूवर प्लास्टिकचं गवत अंथरलंय. ते बघून माझा असा संताप झाला की नावाड्याला म्हणालो, या पर्यटकांना अक्कल कधी येणार? त्यानं माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि वल्हं मारत राहिला. मी पर्यटक नव्हे, मी इथं राहायला आलोय, हे त्याला समजावून सांगितलं. थोडं जास्तच सांगितलं बहुतेक.

१९ जानेवारी

आज मालकीणबाई मला उत्तरेकडच्या लहान खाडीवर घेऊन गेल्या. झाडीतून आडवळणानं जावं लागतं. पुढे गेल्यावर एकदम उघडतं सगळं. पांढरी वाळू, संथ पाणी आणि कडेला जंगली बदामाचं एकच मोठं झाड. इतकी शांतता की स्वतःच्या श्वासाचीही अडचण वाटावी.

त्या झाडाखाली त्यांचा नवरा पुरलेला आहे. वादळात गेला, समुद्रानं त्याला याच वाळूवर आणून ठेवला. वर दगड नाही, नाव नाही. त्याला माणसांची गर्दी सोसवत नसे, म्हणाल्या. लग्नातसुद्धा मागच्या दारानं आला होता. मग हसल्या आणि म्हणाल्या, धांदरट तर असा की नावेच्या नांगराच्या साखळीखाली डाव्या पायाची करंगळी घालवून बसला.

निघताना आम्ही पाण्याच्या कडेनं चाललो, म्हणजे पावलं पुसली जातात. घरातली सगळी असंच करतात. त्यांनी माझ्याकडून एवढंच मागितलं, की ही वाट कोणाला दाखवू नका. मी म्हटलं, बाई, हा काय सांगायचा विषय झाला?

२७ जानेवारी

लाज वाटते, पण लिहितो. काल एकटाच खाडीवर गेलो आणि परत येताना चुकलो. दिशाफलकवाला माणूस झाडीत गोल गोल फिरत होता. शेवटी एका झुडपाला ओळखलं, कारण मघाशी त्याच्यावरच माझी टोपी अडकली होती. घरी काही बोललो नाही.

आज नावाड्याकडून नावेचा उरलेला पांढरा रंग मागून आणला. खिडकीला लावायचाय, असं सांगितलं. खोटं इतकं सहज तोंडातून गेलं की माझं मलाच नवल वाटलं. वाटेतल्या दगडांवर छोटे बाण काढले. जायचे वेगळे, परतीचे वेगळे, अगदी खात्याच्या शिस्तीत. परतीचा शेवटचा बाण आमच्या फाटकाच्या खांबावर, तळाशी, माझ्या खोलीकडे तोंड करून. त्या वाटेनं दुसरं जातंय कोण? आणि बाण काही बोलत नाहीत. हात अजून थरथरत नाही, हे बघून मात्र बरं वाटलं.

८ फेब्रुवारी

चहाच्या दुकानात पिवळ्या टोपीचे दोघे भेटले. हॉटेल बांधणाऱ्या कंपनीचे. उत्तरेला काही नाही अशी त्यांची समजूत होती. मग म्हणे झाडीत इतके सुबक बाण दिसले की पाय आपोआप वळले. असं स्वच्छ काम हल्ली कोण करतो, असं एक जण म्हणाला.

मी म्हणालो, मीच.

म्हणालो खरं. छाती फुगली होती. मग बाणाचं शेपूट किती ठेवावं, लांबून कसं दिसतं, सगळं सांगत बसलो. त्यांनी माझ्या चहाचे पैसे दिले. घरी येईस्तोवर चहा घशात कडू झाला होता. आता वाटतं, त्या क्षणी जीभ झडली असती तर बरं.

१६ फेब्रुवारी

खाडीवर यंत्र आलंय. मालकीणबाई धावत गेल्या, मीही मागून. बदामाचं झाड आडवं पडलेलं. खालची जमीन सपाट केलेली, वर टायरच्या खुणा. निदान मला त्याला हलवू द्यायचं होतं, एवढंच त्या म्हणत होत्या. यंत्रावरच्या माणसाला काही ठाऊक नव्हतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, तेवढंच त्याच्या हातात होतं.

येताना त्यांना बाण दिसले. वाकून एकेकावर बोट फिरवलं. रंग त्यांनी ओळखला. दिराच्या नावेचा.

मी मिठाची गुळणी धरून उभा राहिलो.

१८ फेब्रुवारी

त्यांनी दिराचं ताट मांडणं बंद केलंय. तो येतो, मांडलेली ताटं बघतो आणि जातो. गावातही त्याला कोणी हाक मारत नाही. सख्ख्या भावाची माती विकली म्हणतात.

दुपारी तो माझ्या दारात आला. भांडेल असं वाटलं होतं. हळूच म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा वहिनीला. माझं ती ऐकणार नाही."

उद्या सांगतो म्हणालो. त्यानं मान हलवली. विश्वास ठेवला माझ्यावर.

जेवताना घासात वाळू कचकचली. ताटात बघितलं, कुठेच नव्हती.

२१ फेब्रुवारी

अजून सांगितलेलं नाही. सकाळी त्या कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा विषय काढणार होतो. त्यांनी मला चिमटे धरायला दिले. चिमटे देत राहिलो.

भर दुपारी फिरायला गेलो होतो. झाडीतल्या वाटेवर ओली पावलं दिसली. खाडीकडून इकडे येणारी, अनवाणी. माती उन्हानं तापलेली आणि पावलं मात्र वाळत नव्हती. एका बाणापाशी येऊन संपली होती. तिथून पुढेही नाहीत, मागेही नाहीत.

डावं पाऊल पाहिलं. करंगळी नव्हती.

२३ फेब्रुवारी

आज पुढच्या बाणापाशी. तो बाण वाचत वाचत येतोय. एक बाण, मग थांबतो, मग पुढचा. बिचारा धांदरट. मी इतके नीट काढलेत की चुकणं शक्यच नाही.

रॉकेलचा बोळा घेऊन पुसायला गेलो. रंग निघेना. दगड आतपर्यंत पांढरा झाल्यासारखा.

कचकच आता जेवणाशिवायही. सकाळी चूळ भरली तर तळहातभर वाळू पडली.

२५ फेब्रुवारी

फाटकाशी आलाय. खांबाखाली पाणी साचलंय. मालकीणबाईंनी ते ओलांडलं आणि नळ गळतोय का बघा म्हणाल्या. मी नळ बघितला. खरंच बघत बसलो नळ.

नावाडी नाव उलटी घालून बसला होता. माझ्याकडे बघितलं. मी रस्ता बदलला.

२६ फेब्रुवारी

हे लिहायलाच हवं.

दुपारी दार लावून पडलो होतो. दाराबाहेर पाणी ठिबकत होतं. मग कोणीतरी विचारलं. आवाजात राग नव्हता, रागावला असता तर बरं झालं असतं. लाजत लाजत, दुसऱ्याच्या घरी पत्ता विचारावा तसं.

"वाट कोणी दाखवली?"

आणि मी, पांघरुणात तोंड खुपसून, म्हणालो, "नावाड्यानं. मागच्या खोलीत असतो."

ठिबकणं थांबलं. बऱ्याच वेळानं मी दार उघडलं. पावलं माझ्या उंबऱ्याशी आली होती आणि तिथून वळून घरामागे गेली होती.

मी हाक मारू शकलो असतो. दार परत लावून घेतलं.

२७ फेब्रुवारी

मागची खोली उघडी. खाटेवर ओली वाळू, माणूस झोपला असावा तेवढी, तशी. नाव जागेवर. तो नाही.

गाव म्हणतं, तोंड लपवून पळाला. मालकीणबाईंनी मला विचारलं, भाऊ, तुम्हाला काय वाटतं.

मी मान हलवली. हो म्हणून. मेल्याहून मेल्यासारखं झालंय आणि तरी मान हलली.

१ मार्च

लेकीचा फोन. बोलणं बोबडं येतंय म्हणाली. जिभेखाली वाळू, गालात वाळू — थुंकतो, परत भरते. बाबा, घरी या म्हणाली. कोणत्या तोंडानं.

२ मार्च

सांगायला गेलो. खरंच गेलो. त्या भाकरीचं पीठ चाळत होत्या. तोंड उघडलं आणि शब्दाच्या जागी वाळू — त्यांच्या परातीत पडली —

त्यांनी मला बसवलं. पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. सगळे उलटले, म्हणाल्या, तुम्ही तेवढे माझे निघालात.

रडलोही वाळूच.

३ मार्च

बोलता येत नाही. लिहितो. वही टेबलावर उघडी ठेवीन, त्या खोली झाडायला येतात —

पाणी दाराखालून आत. या वेळी पावलं दोघांची. एक डावं पाऊल अपुरं. दुसरी पावलं ओळखतो मी. याच पावलांनी तो दारात उभा राहिला होता.

विचारत नाहीत काही. नुसते उभे. मग तो, हळूच, तेव्हासारखंच —

"काका, तुम्हीच सांगा."

सांगतो. श्वास पुरेना, घसा भरला, तरी हात चालतोय अजून —

मालकीणबाई, बाण तुमच्या दिरानं काढले नाहीत. त्याला काही ठाऊक नव्हतं. रंग खोटं बोलून मी आणला. बाण मी का