जागा कुणाचीच ठरलेली नाही

८ सप्टेंबर

ति. मामास,

सा. न. वि. वि. या चार अक्षरांचा अर्थ मी आईला विचारला. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, असं ती म्हणाली. साष्टांग म्हणजे आठही अंगं जमिनीला टेकवून. तुझ्या दवाखान्यात खुर्ची, दिवा आणि तू एवढेच मावता, तेव्हा नमस्कार उभ्यानेच घातला असं समज.

मी फोनवर हो, बरं आणि ठीक यापलीकडे जात नाही, म्हणून निघताना तू तिकिटं लावलेली पाकिटं हातात कोंबलीस. त्यातलं हे पहिलं. आईला बढती मानवली आहे. बाबा अजून जहाजावरच आहेत. आणि माझी शाळा हे एक प्रकरणच आहे.

इथला अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय आहे. म्हणजे वर्गात निरनिराळ्या देशांतली मुलं आहेत आणि शिक्षक सारखे मत विचारतात. इतिहासाच्या सरांनी मला एका तहाबद्दल विचारलं. मी तारीख, कारणं, परिणाम, सगळं घडाघडा सांगितलं. सर म्हणाले, छान, पण तुला स्वतःला काय वाटतं? मी तारीखच पुन्हा सांगितली. जुन्या शाळेत मला काय वाटतं याला एकही गुण नव्हता.

दुसरं गूढ म्हणजे मार्गदर्शक बाई. या बाई काहीही शिकवत नाहीत! दर मंगळवारी त्यांच्या खोलीत जाऊन बसायचं, त्या विचारणार कशी आहेस, आपण म्हणायचं छान. त्यानंतर त्या गप्प राहतात. इतक्या गप्प, की आपल्यालाच घाम फुटतो. इथलं बोलणं इथेच राहील, मात्र तब्येतीला धोका दिसला तर घरी कळवावं लागेल, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मी म्हटलं, माझ्याकडे तसलं काही नाही. त्यांना पगार नेमका कशाचा मिळतो, याचा तपास चालू आहे.

आणि मोठी बातमी. प्रत्येकाने स्वतःचा एक प्रश्न निवडून वर्षभर त्यावर शोधप्रकल्प करायचा आहे. मी निवडला: जेवणाच्या हॉलमध्ये जागा कुणाचीच ठरलेली नसताना सगळे रोज त्याच जागी का बसतात? जिन्याच्या मधल्या टप्प्यावर एक खिडकी आहे, तिथून अख्खा हॉल दिसतो. मी सुट्टीभर तिथे उभी राहून नकाशा काढते. एक माणूस, एक ठिपका.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी भाची


१६ सप्टेंबर

चि. चौकशीबाईंस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं पत्र मामीने आधी वाचलं, मग मी, मग पुन्हा मामीने. दवाखान्यात जागा नाही हा टोमणा तिला फार आवडला.

तुझा प्रश्न वाचून मी बाहेरच्या बाकांवर नजर ठेवायला लागलो. ज्यांची दाढ दुखते ते दाराजवळ बसतात, म्हणजे शेवटच्या क्षणी पळता येतं. नुसती सफाई करून घ्यायला आलेले पंख्याखाली ऐसपैस. एक आजोबा नेहमी उभेच असतात. काल त्यांना कारण विचारायला गेलो, तर ते घाबरून म्हणाले, आज नको, पुढच्या आठवड्यात येतो.

त्या बाईंचं मात्र मला कौतुक वाटतं. कसं आहे, असं मीही दिवसभर विचारतो, पण समोरच्याच्या तोंडात माझी बोटं असतात. उत्तराची वाट पाहणारं माणूस पगार घेणारच.

आता माझी एक शंका. तू सुट्टीभर खिडकीत उभी. मग तू जेवतेस कधी? दातांचा डॉक्टर म्हणून विचारतोय. न वापरलेले दात रुसतात.

पत्राची वाट बघायला लावू नकोस, लोभ तर पोत्याने आहे.

तुझा मामा


२९ सप्टेंबर

ति. मामास,

सा. न. वि. वि. नकाशा आता फार सुंदर झाला आहे. खाली हॉलमधल्या एका खिडकीशी सहा जणांचा कंपू आहे. त्यांच्यात एक ताडमाड मुलगी आहे, ती आली की सगळे सरकतात. खुर्चीवर दप्तर ठेवलं की ती खुर्ची राखीव होते, हा नियम कुणीही न शिकवता सगळ्यांना येतो. कोपऱ्यात एक मुलगी एकटीच बसते, पुस्तक पाण्याच्या बाटलीला टेकवून. तिच्या समोरची खुर्ची रिकामी असली तरी कुणी घेत नाही. मी तिला पुस्तकवाली म्हणते. म्हणजे मनात. तिच्याशी बोलले नाहीये.

मंगळवारी बाईंना नकाशा दाखवला. वाटलं, तोंडभरून स्तुती होईल. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, काढणारी यात कुठे आहे? मी म्हटलं, संशोधकाचा ठिपका काढत नाहीत. त्या म्हणाल्या की काही विषयांत तर संशोधकाने आपण कुठे उभे होतो हे आधी सांगावं लागतं. मला का कोण जाणे, इतका राग आला, की मी तास संपायच्या आधीच उठले.

तुमच्या माडीवरची खोली अजून रिकामीच आहे का? सहज विचारतेय.

मामीला सांग, तिची आठवण येते. लोभाचं तुला माहीतच आहे.

तुझी भाची


६ ऑक्टोबर

चि. बंधूस,

अनेक आशीर्वाद. पत्र लिहायची सवय मोडली आहे, पण हे फोनवर बोलले तर ती बाजूच्या खोलीतून कान टवकारेल.

पोरगी दुपारची जेवत नाही. डबा रिकामा येतो म्हणून मी निर्धास्त होते. शाळेतल्या मार्गदर्शक बाईंनी मला बोलावून घेतलं. एका शिक्षिकेने तिला परत येताना बसमध्ये घाईघाईने डबा खाताना पाहिलं होतं. ती हॉलमध्ये पाऊलच टाकत नाही, असं बाई म्हणाल्या. महिना उलटला, आणि मी रोज विचारते कशी होती शाळा, ती म्हणते छान, आणि मी ऑफिसच्या फायली उघडते.

ही बढती मी घ्यायलाच नको होती, असं आता वाटतं. तिच्या जुन्या मुख्याध्यापकांशी बोलले. महिनाअखेरपर्यंत तिची जागा ठेवतो म्हणाले. ती तुमच्याकडे राहिली तर चालेल ना? तिला अजून काही सांगितलेलं नाही. सामान बांधूनच सांगावं म्हणते, म्हणजे रडारड कमी.

तुझ्या मताची वाट बघते. माया करतोसच, आत्ता जरा जास्त कर.

तुझी ताई


११ ऑक्टोबर

ति. ताईस,

सा. न. खोली तयार आहे. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मामीबाईंनी पडदे बदलले. घरात पोर असावं असं आम्हाला किती वाटतं, हे तुला वेगळं सांगायला नको. तेव्हा माझं मत विचारू नकोस, मी पक्षपाती आहे. मी तर तिला घ्यायला उद्याच निघेन.

तरी लिहितो. ती मला काय लिहिते ते सांगणार नाही, तो तिचा माझा मामला. एवढंच सांगतो, की जिथून पळून जायचं आहे तिथल्या माणसांकडे कुणी इतकं मन लावून बघत नाही. तिला तिथे राहायचं नाही की कसं राहायचं ते सुचत नाही, हे मला कळत नाही. तुलाही कळत नसावं. मग तिलाच का विचारू नये? आत्ता कुठे तिला कुणी मत विचारायला लागलंय, आणि आपणच सामान बांधून मोकळे व्हायचं?

सगळं सांग. खोलीचं, जागेचं, बाईंनी बोलावल्याचं. चिडेल. चिडू दे.

आणि बढतीबद्दल पुन्हा असं लिहिलंस तर मी भूल न देता दाढ काढीन.

लहान भावावरची माया होती तशीच ठेव.

तुझा धाकटा


२७ ऑक्टोबर

ति. मामास,

सा. न. वि. वि. आधी भांडण. तू, आई आणि बाई, तिघांनी मिळून माझ्यावर नजर ठेवली, हे कळल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईशी दिवसभर बोलले नाही. मग तीच माझ्या खोलीत आली आणि जमिनीवर बसून रडली. आईला रडताना बघायची मला सवय नाही. काय करावं ते न सुचून मी तिला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या खोलीत घुसले आणि आईला का सांगितलं म्हणून जाब विचारला. त्या म्हणाल्या, न जेवणं हे तब्येतीत येतं, आणि ते पहिल्याच दिवशी ठरलं होतं. पण आधी तुला सांगून मग आईला बोलवायला हवं होतं, तेवढं माझं चुकलं. मोठी माणसं असं म्हणतात, हे मला माहीतच नव्हतं. माझा राग कुठे ठेवावा ते कळेना. मग मी त्यांना सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी डबा घेऊन हॉलमध्ये शिरले, जिथे जाईन तिथे खुर्चीवर दप्तर. सगळे बघताहेत असं वाटलं. डबा दप्तरात ठेवला आणि जिना चढले. खिडकी तेव्हा सापडली. प्रश्न नंतर सुचला, मामा. तुला आधी तसं लिहिलं नव्हतं.

बाईंनी मला थोपटलं वगैरे नाही. प्रकल्पाच्या सरांनी काय शेरा दिलाय, एवढंच विचारलं. सरांनी लिहिलं होतं: वरून कोण कुठे बसतं ते दिसतं, का बसतं ते दिसत नाही, विचारावं लागेल. मी म्हटलं, मग प्रश्न बदलते. बदल, त्या म्हणाल्या, नियमात बसतं. किंवा खाली जा. कुणीतरी सोबत हवं असेल तर मी दारापर्यंत येते.

त्या दारापर्यंत आल्या. आत मी एकटी गेले.

थेट कंपूच्या टेबलाशी गेले आणि ताडमाड मुलीला विचारलं, तुम्ही रोज इथेच का बसता? माझी समजूत अशी, की ही जागा मानाची. ती म्हणाली, बाकीची टेबलं डुगडुगतात. एवढंच! माझ्या दोन पानांच्या सिद्धांताचं भुसकट. मग तिनेच मला विचारलं, तू रोज वर उभी राहून कुणाची नावं लिहितेस? मामा, त्यांना वाटत होतं की मला शाळेने त्यांच्यावर पहारा ठेवायला नेमलंय! त्यांनी माझं नाव कॅमेरा ठेवलंय. मी वर आले की ते हळू बोलायचे. एकाने तर माझ्या धाकाने उष्टं टाकणं सोडलं. मी इतकी हसले की ठसका लागला, आणि ताडमाडने पाठीत असा रट्टा घातला की अजून दुखतंय.

त्या दिवसापासून त्यांच्यातच बसत होते. तुमच्याकडे परतायचं की इथेच राहायचं, हे आईने तेव्हाही ठरवलं नाही, माझ्यावर सोडलं. मीही ठरवलं नव्हतं. कारण चार जण हसले म्हणजे राहायचं का, हे मला कळत नव्हतं. मग परवा ताडमाड आणि तिचा कंपू सामन्यासाठी बाहेरगावी गेला. मी हॉलमध्ये शिरले तर त्यांच्या टेबलावर भलतीच मोठी मुलं बसलेली. हातात डबा, आणि सगळीकडे दप्तरं. अगदी पहिल्या दिवसासारखं. जिना समोरच होता.

मी पुस्तकवालीकडे गेले. बसू का विचारलं. तिने वर न बघता बाटली आपल्याकडे ओढून घेतली, माझ्या डब्यापुरती जागा झाली. घंटा होईपर्यंत ती वाचत होती, मी जेवत होते. एवढंच झालं, मामा. पण घरी गेल्यावर मी आईला म्हटलं, जुन्या मुख्याध्यापकांना कळव, माझी जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाका.

मामीला हे तू जपून सांग. तिला वाईट वाटेल, आणि तुलाही वाटणार आहे, हे मला इथून दिसतंय. सुट्टीत येतेय, तेव्हा दोघांनी मनसोक्त रागावून घ्या. तोवर लोभ मोडू नका.

तुमची भाची
ऊर्फ कॅमेरा